२४,४०० : नाणेघाटातल्या सर्वात मोठ्या संख्येचं गणित

जुन्नर तालुक्यात, घाटघर गावाजवळ नाणेघाटाच्या तोंडाशी एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. भाषा प्राकृत, काळ सातवाहनांचा. राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा हा लेख. त्यात यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी आहे, आणि यादी म्हटली की आकडे आलेच. त्या सगळ्या आकड्यांत सर्वात मोठा आकडा आहे २४,४००.

आज ही रक्कम ऐकून कुणी दचकणार नाही, एका साध्या फोनची किंमत एवढी असते. पण ही संख्या दोन कारणांसाठी बघण्यासारखी आहे. एक म्हणजे ती शून्य न वापरता लिहिलेली आहे. दुसरं म्हणजे तिच्या आत गणिताच्या काही सुरेख गोष्टी दडलेल्या आहेत. या लेखात दोन्ही बघू, आणि हीच संख्या तुमच्या फोनमध्ये कशी साठवली जाते तेही. फोनमधलं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, बरंचसं तुम्ही स्वतः पडताळू शकता.

झटपट माहिती

• मूळ अवयव : २ × २ × २ × २ × ५ × ५ × ६१
• एकूण विभाजक : ३०
• सर्व विभाजकांची बेरीज : ५९,५८२
• अंकांची बेरीज : १०
• पूर्ण वर्ग आहे का : नाही (१५६ चा वर्ग २४,३३६)
• दोन वर्गांची बेरीज म्हणून : तीन प्रकारे लिहिता येते
• बायनरीमध्ये : १०१११११०१०१०००० (१५ बिट)
• हर्षद संख्या आहे का : हो

हा आकडा कशाचा?

नाणेघाट ही कोकणातून देशावर येणारी जुनी व्यापारी वाट. कल्याण, सोपारा या बंदरांचा माल याच वाटेने वर चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या माथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण दिसतो, तो जकातीचा रांजण म्हणून दाखवला जातो.

शिलालेखातल्या यादीत गायी, हत्ती, घोडे, चांदीची भांडी आणि कार्षापण नावाची नाणी येतात. एका ठिकाणी १,७०० गायी, एका ठिकाणी १०,००१ गायी, एका ठिकाणी ६,००१ कार्षापण. २४,४०० हा आकडाही कार्षापणांचाच, यज्ञाच्या दक्षिणेचा.

१८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. पण इथली काही चिन्हं अक्षरं नसून अंक आहेत, हे नीट उलगडलं १८७० च्या दशकात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या कामातून. भगवानलाल (१८३९–१८८८) मूळचे जुनागढचे. प्राचीन भारतीय अंकांच्या अभ्यासात नाणेघाटाचं नाव तेव्हापासून कायमचं आहे.

शून्याशिवाय २४,४०० कसं लिहिणार?

आपण आज २४,४०० लिहितो तेव्हा पाच जागा वापरतो. डावीकडून पहिला २ म्हणजे वीस हजार, कारण तो पाचव्या जागेवर आहे. शेवटची दोन शून्यं जागा धरून ठेवतात. ती काढली तर उरतं २४४, म्हणजे संख्या शंभरपटीने घसरते. याला स्थानमूल्य पद्धत म्हणतात.

नाणेघाटातली पद्धत वेगळी आहे. तिथे १ ते ९ साठी चिन्हं, १०, २०, ३० अशा दहांसाठी वेगळी चिन्हं, शंभरसाठी एक आणि हजारासाठी एक. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडायचं. वीस हजारांसाठी त्याच हजाराच्या चिन्हाला वीसचं चिन्ह जोडायचं. मग २४,४०० असं बनतं :

• हजार + जोडलेला वीस = २०,०००
• हजार + जोडलेला चार = ४,०००
• शंभर + जोडलेला चार = ४००

तीन जोडचिन्हं शेजारी शेजारी. जोडलेल्या चिन्हांचा गुणाकार करायचा आणि शेजारच्यांची बेरीज. रिकामी जागा नाहीच, त्यामुळे ती भरायला शून्यही लागत नाही.

अवघड वाटतंय? पण तुम्ही बोलताना रोज हेच करता. 'चोवीस हजार चारशे' हे मोठ्याने म्हणून बघा. चोवीस गुणिले हजार, अधिक चार गुणिले शंभर. यात 'शून्य' हा शब्द कुठेच येत नाही. म्हणजे आपण लिहितो स्थानमूल्याने आणि बोलतो मात्र बरंचसं नाणेघाटाच्या पद्धतीने.

मग 'नाणेघाटात शून्य सापडलं' हे खरं का?

असे फॉरवर्ड अधूनमधून फिरतात, म्हणून स्पष्ट लिहितो : नाही. या लेखात शून्याचं चिन्ह नाही आणि स्थानमूल्यही नाही. भारतात कोरीव लेखातल्या शून्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण ग्वाल्हेरचं आहे. तिथल्या चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या लेखात एका बागेचं माप म्हणून २७० हा आकडा आजच्यासारखाच गोल शून्याने लिहिलेला आहे.

नाणेघाटाचं महत्त्व वेगळं आहे आणि ते कमी नाही. पुढे जगभर पसरलेल्या अंकांपैकी काहींचे पूर्वज इथे एकाच भिंतीवर, खऱ्या हिशोबात वापरलेले दिसतात. इथे एक आणि दोन हे अनुक्रमे एक आणि दोन आडव्या रेघांनी लिहिले आहेत. जे आहे तेच इतकं भारी आहे की त्यात नसलेलं शून्य घुसवायची गरज नाही. उलट, तसं केलं की अभ्यासू माणूस खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवेनासा होतो.

अवयव : सहज वाटता येणारी रक्कम

२४,४०० ला मूळ अवयवांत फोडू. शेवटची दोन शून्यं म्हणजे १०० ने भाग जातो, उरले २४४. ते म्हणजे ४ × ६१. आणि ६१ ही मूळ संख्या आहे, तिला पुढे फोडता येत नाही. म्हणून २४,४०० = ४०० × ६१.

विभाजक किती ते मोजायला युक्ती आहे. मूळ अवयवांत २ चार वेळा आहे, म्हणजे विभाजकात तो ० ते ४ वेळा येऊ शकतो : ५ पर्याय. ५ दोन वेळा आहे : ३ पर्याय. ६१ एकदा : २ पर्याय. ५ × ३ × २ = ३०. (नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत अँटेनाही बरोबर ३० आहेत. हा निव्वळ योगायोग, पण जुन्नरकरांना लक्षात ठेवायला सोपा!)

विभाजक भरपूर म्हणजे वाटणी सोपी. समजा नारायणगावच्या बाजारात २४,४०० क्रेट टोमॅटो आले. प्रत्येक गाडीत ४०० भरले तर ६१ गाड्या, ५० चे गट केले तर ४८८ गट, काहीच उरत नाही. तीन व्यापाऱ्यांत सारखे वाटायला गेलात तर मात्र प्रत्येकी ८,१३३ आणि एक क्रेट शिल्लक. २४,४०० च्या अवयवांत ३ नाही, त्यामुळे तिघांचा हिशोब कधीच जुळणार नाही.

३१ ची गंमत

आता या संख्येतली सर्वात देखणी गोष्ट. सगळ्या ३० विभाजकांची बेरीज करायची आहे. एकेक मांडत बसायची गरज नाही. प्रत्येक मूळ अवयवासाठी वेगळी बेरीज करायची आणि त्यांचा गुणाकार करायचा :

• २ साठी : १ + २ + ४ + ८ + १६ = ३१
• ५ साठी : १ + ५ + २५ = ३१
• ६१ साठी : १ + ६१ = ६२, म्हणजे ३१ ची दुप्पट

तिन्हीकडे ३१! म्हणून एकूण बेरीज ३१ × ३१ × ६२ = ५९,५८२, म्हणजेच ३१ च्या घनाची दुप्पट. एवढा नीटनेटका निकाल सहसा हाती लागत नाही.

यातल्या पहिल्या दोन ओळी पुन्हा बघा. ३१ ही २ च्या घातांची ओळीने बेरीज आहे आणि ५ च्या घातांचीही. बायनरीत ३१ म्हणजे १११११. पाचच्या पायात लिहिली तर १११. किमान तीन अंकी आणि दोन वेगवेगळ्या पायांत नुसत्या १ नी लिहिल्या जाणाऱ्या संख्या आजवर दोनच सापडल्या आहेत : ३१ आणि ८,१९१. दुसरीचं उदाहरण तपासा : १ + ९० + ८,१०० = ८,१९१, आणि बायनरीत ती सलग तेरा वेळा १ अशी दिसते. तिसरी अशी संख्या नाहीच, हा अंदाज बेल्जियन गणिती रेने गोरमाखतिख यांनी १९१७ मध्ये मांडला. शंभर वर्षं उलटली, तरी तो पूर्णपणे सिद्ध झालेला नाही. दक्षिणेच्या एका आकड्यापासून सुरुवात करून आपण चार पायऱ्यांत गणितातल्या न सुटलेल्या प्रश्नापाशी आलो.

जाता जाता : स्वतः २४,४०० सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज ३५,१८२ होते. ती मूळ संख्येपेक्षा जास्त आहे. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. दानाच्या रकमेला हे नाव शोभतं.

दोन वर्गांची बेरीज

१०० × १०० = १०,०००. १२० × १२० = १४,४००. बेरीज २४,४००. कॅल्क्युलेटरवर बघा, आणखी दोन जोड्या आहेत :

• ३६ चा वर्ग + १५२ चा वर्ग = १,२९६ + २३,१०४
• ८ चा वर्ग + १५६ चा वर्ग = ६४ + २४,३३६

तीनच का? नियम असा : ४ ने भागल्यावर ज्यांची बाकी १ उरते त्या मूळ संख्या (५, १३, १७, ६१ वगैरे) दोन वर्गांत फोडता येतात. ५ = १ + ४ आणि ६१ = २५ + ३६. आपल्या संख्येत असे ५ दोनदा आणि ६१ एकदा आहे. ते वेगवेगळ्या रीतीने एकत्र केले की बरोबर तीन जोड्या मिळतात, चौथी नाही.

कापरेकर सरांच्या चाचण्या

संख्यांशी खेळायचं आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव घ्यायचं नाही, हे महाराष्ट्रात शक्य नाही. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण आणि नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षकी. त्यांच्या तीन कल्पना २४,४०० ला लावू.

हर्षद संख्या : अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती. २ + ४ + ४ + ० + ० = १०, आणि २४,४०० ÷ १० = २,४४०. उत्तीर्ण!

स्वयंभू संख्या : कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या 'जन्मते'. जी अशी कुणापासूनच जन्मत नाही ती स्वयंभू. देवळालीच्या नावावरून तिला देवळाली संख्याही म्हणतात. २४,४०० स्वयंभू नाही. तिचा जनक आहे २४,३७७ : अंकांची बेरीज २३, आणि २४,३७७ + २३ = २४,४००. दुसरा जनक नाही.

कापरेकर क्रिया : अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. चार अंकी संख्यांत (सगळे अंक सारखे नसतील तर) शेवटी ६१७४ येतो. कापरेकरांना तो १९४९ मध्ये सापडला. पाच अंकी संख्यांत असा एकच मुक्काम नसतो, त्या चक्रात अडकतात. आपली संख्या बघा :

• ४४२०० − ००२४४ = ४३९५६
• ९६५४३ − ३४५६९ = ६१९७४
• ९७६४१ − १४६७९ = ८२९६२
• ९८६२२ − २२६८९ = ७५९३३
• ९७५३३ − ३३५७९ = ६३९५४
• ९६५४३ − ३४५६९ = ६१९७४

६१९७४ परत आला. आता कितीही वेळा केलं तरी हेच चार आकडे गोल फिरत राहणार.

तुमच्या फोनमध्ये २४,४००

फोनची मेमरी फक्त ० आणि १ ओळखते. २४,४०० तिथे १०१११११०१०१०००० अशी बसते. शेवटी चार शून्यं आहेत, कारण संख्येत २ हा अवयव चार वेळा आहे. १५ बिट म्हणजे दोन बाइटमध्ये आरामात मावते.

पण इथे एक सापळा आहे. प्रोग्रॅम लिहिताना दोन बाइटचा साधा पूर्णांक घेतला तर त्यात −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच मावतं. समजा राणीने तेवढीच दक्षिणा पुन्हा दिली. २४,४०० + २४,४०० = ४८,८००. कप्पा भरून वाहिला! अशा वेळी अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत उत्तर येतं −१६,७३६, कारण ४८,८०० मधून ६५,५३६ वजा होतात. दान दुप्पट केलं आणि खात्यावर कर्ज दिसू लागलं.

हा नुसता विनोद नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, निघाल्यावर चाळीस सेकंदांच्या आसपास नष्ट झालं. कारण हेच : एक मोठा आकडा १६ बिटच्या कप्प्यात कोंबायचा प्रयत्न. दगडावर कोरणाऱ्याला ही अडचण नव्हती, फार तर भिंत संपली असती.

संख्या म्हणून न साठवता अक्षरं म्हणून साठवली तर? नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अंकांत लिहिलेला हा आकडा ५ बाइट घेतो. देवनागरीत '२४४००' लिहिलं तर प्रत्येक अंकाला ३ बाइट, म्हणजे १५. आणि ब्राह्मीत? २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ब्राह्मी लिपी आली. त्यात १ ते ९, १० ते ९०, शंभर आणि हजार यांची जुनी चिन्हं आहेत. २०१४ च्या ७.० आवृत्तीत खास 'अंक जोडणारं' चिन्ह आलं, म्हणजे हजाराला चार जोडून चार हजार लिहिता यावेत म्हणून. त्यामुळे आज नाणेघाटातला आकडा त्याच पद्धतीने टाइप करता येतो : हजार, जोड, वीस, हजार, जोड, चार, शंभर, जोड, चार. नऊ चिन्हं, प्रत्येकी ४ बाइट, एकूण ३६. फोनमध्ये ब्राह्मीचा फॉन्ट नसेल तर मात्र नुसते चौकोन दिसतील.

१०,००१ गायी आणि तुमचा पासवर्ड

यादीतल्या १०,००१ आणि ६,००१ या संख्यांना शेवटी तो एक आहे, आपण आहेरात १०१ किंवा ५०१ देतो तसा. गणिताने बघितलं तर या एकाने संख्येचा स्वभावच पालटतो. १०,००० ला २५ विभाजक, १०,००१ ला फक्त ४. कारण १०,००१ = ७३ × १३७, दोन मूळ संख्यांचा गुणाकार. ६,००१ सुद्धा तसाच : १७ × ३५३.

७३ × १३७ हा गुणाकार सोपा. पण नुसतं १०,००१ देऊन अवयव शोधायला सांगितले तर वेळ लागतो. आरएसए नावाची गुप्तलेखन पद्धत याच फरकावर उभी आहे. तिथे गुणाकार ६१७ अंकी असतो, तो फोडणं आजच्या संगणकांना व्यवहारात जमत नाही. २४,४०० मात्र अशा कामाला अगदी निरुपयोगी, ती सहज फुटते.

एक रेघ पुसली तर?

आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा अंक हा तपासणी अंक असतो. आधीचा एखादा अंक चुकला तर तो जुळत नाही आणि चूक पकडली जाते. शिलालेखाला अशी सोय नाही. दुसऱ्या जोडचिन्हातला 'चार' झिजून गेला तर उरतो नुसता हजार, आणि २४,४०० चे २१,४०० होतात. पूर्ण चिन्ह गेलं तर २०,४००. दोन्ही आकडे तितकेच खरे वाटतील, आणि चूक झालीय हे सांगणारं दुसरं काहीच भिंतीवर नाही.

भिंत आधीच बरीच झिजली आहे. याच गुहेत राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज त्यांची नावं आणि पायांच्या खुणा एवढंच शिल्लक आहे. म्हणून पावसाळ्यात नाणेघाटला गेलात तर एवढं करा : अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर खडू, पाणी किंवा रंग लावू नका, बोट फिरवू नका. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च भिंतीला तिरका धरा, उथळ कोरीव रेघाही सावलीमुळे दिसू लागतात. फोटो काढा, मूळ आकारात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो, बारीक रेघा हरवतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दोन बाइटमध्ये मावणारी संख्या आहे. ती दोन हजार वर्षं टिकली ती दगडामुळे, आणि दगडावरची ती एकच मूळ प्रत आहे. तिचा बॅकअप तिथे जाऊन कुणाला पुन्हा कोरता येणार नाही.